लाइटवर्क्स ओपन सोर्स झालं म्हणे: मिक्सिंगचं काम त्यावर हलवावं का?

पारोळेकर:

राम राम मंडळी. लग्नसराईत फोटोग्राफर मित्रांचं मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओचं एडिटिंग, करून देतो, बाकी वर्षभर अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ. आमच्या शूटिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "हॉलिवूडचे सिनेमे ज्यावर एडिट झाले ते लाइटवर्क्स आता ओपन सोर्स, सगळ्यांनी डाउनलोड करा." तारीख नाही, लिंक नाही. खरं आहे का?

विचारायचं कारण असं. माझ्याकडे सध्या जे सॉफ्टवेअर आहे ते क्रॅक केलेलं आहे. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातूनच टाकून मिळालं होतं. ते चालवायला अँटीव्हायरस बंद ठेवावा लागतो. आता चॅनलवर लोक यायला लागलेत, थोडे पैसे दिसायला लागलेत, आणि या पायावर पुढचं काम उभं करायची माझी इच्छा नाही. लॅपटॉप साधा: आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०.

श्रावणात कानबाईच्या, आपल्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवातल्या, गाण्यांचं मोठं काम हाती घेतोय. गल्लीतल्या बायकांचं शूटिंग मोबाइलवरच होणार. मागच्या खेपेला मोबाइलच्या फुटेजमध्ये शेवटाकडे आवाज आणि ओठ जुळत नव्हते. शिवाय मराठी टायटलमध्ये जोडाक्षरं फुटतात. जाणकारांनी मार्ग सांगावा.

धुळे मिक्सिंग:

भाऊ, एवढा विचार कशाला? दाविंची रिझॉल्व्ह टाका. फुकट आहे, कलर करेक्शनला तोड नाही. मी सगळी लग्नं त्यावरच काढतो.

बोरीकाठची:

पारोळेकर भाऊ, मी अमळनेरची. आमच्या घरी शूटिंग यजमान करतात आणि मिक्सिंग मी, व्हीएचएसच्या कॅसेटपासून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या मेसेजचं. लाइटवर्क्स ओपन सोर्स झालेलं नाही. ती बातमी एप्रिल २०१० ची आहे. हे सॉफ्टवेअर ब्रिटनमध्ये १९८९ साली सुरू झालं, आणि सिनेमे त्यावर एडिट झाले हे अगदी खरं. थेल्मा शूनमेकर यांच्यासारख्या ऑस्करविजेत्या संकलकाचं ते आवडतं साधन. २००९ मध्ये ते एडिटशेअर या कंपनीकडे आलं आणि पुढच्या वर्षी कंपनीनं जाहीर केलं की याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यात लिहिलाय तो मूळ मजकूर, आम्ही सगळ्यांना खुला करणार. त्या वर्षाच्या शेवटी बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आली. २०१२ मध्ये विंडोजसाठी मोफत आवृत्ती पक्की झाली, २०१४ मध्ये लिनक्ससाठी आली. कोड काही आला नाही. २०२० मध्ये ते दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मोफत आवृत्ती मिळते, पण तिच्यातून कित्येक वर्षं ७२०पीच्या वरची फाइल निघत नव्हती. म्हणजे घोषणा तेवढी लोकांच्या लक्षात राहिली आणि तीच आजही फिरते आहे.

एखादं तयार व्यावसायिक सॉफ्टवेअर खुलं करणं कठीण असतं हेही समजून घ्या. त्याच्या आत बाहेरून विकत घेतलेले भाग असतात, कोडेकचे, म्हणजे व्हिडिओ लहान करून साठवायच्या पद्धतींचे, परवाने असतात. ते दुसऱ्याच्या मालकीचे, त्यामुळे जसेच्या तसे वाटता येत नाहीत. काढायचे तर त्या जागी नवं लिहावं लागतं, आणि त्याला पैसा लागतो. पण हे कधी झालंच नाही असंही नाही. ब्लेंडर हे थ्री-डी अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं ती २००२ मध्ये बंद पडली. ते बनवणाऱ्या टॉन रूझेनडाल यांनी गुंतवणूकदारांना विचारलं, किती दिले म्हणजे कोड सोडाल? १ लाख युरो. लोकांकडून वर्गणी गोळा झाली, सात आठवड्यांत रक्कम भरली आणि १३ ऑक्टोबर २००२ ला कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली सगळ्यांचा झाला. २०२५ मध्ये ज्या लॅटव्हियन अॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो याच ब्लेंडरमध्ये केलेला. २०१६ मध्ये ओपनटूंझ हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअरही असंच खुलं झालं; जपानच्या घिबली स्टुडिओत वापरलेल्या टूंझवर ते उभं आहे.

धुळ्याच्या भाऊंनी दाविंची सांगितलं. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, त्यात वाद नाही. पण ते मोफत आहे, खुलं नाही. ब्लॅकमॅजिक कंपनीनं २००९ मध्ये दाविंची विकत घेतलं आणि २०११ मध्ये मोफत आवृत्ती काढली. कॅमेरे, कलरचे पॅनल, कार्डं हा त्यांचा मुख्य धंदा, म्हणून सॉफ्टवेअर मोफत देणं त्यांना परवडतं. उद्या धोरण बदललं तर आपल्या हातात काही नाही. आणि आजचंच बोलायचं तर ८ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ते रडवेल. कंपनी स्वतः निदान १६ जीबी सांगते.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. आपल्या कामात सॉफ्टवेअर किती देखणं यापेक्षा आपली प्रोजेक्ट फाइल पुढे उघडेल का, हे जास्त महत्त्वाचं आहे. लग्नाचं एकवेळ चालून जातं. पेनड्राइव्ह दिला, घरच्यांनी पाहिला, संपलं. तुम्ही कानबाईची गाणी घेताय. मी अशीच आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गाणी केली होती, झोक्यावरची, गौराईची. माझ्या आत्या, त्यांच्या जावा, शेजारच्या म्हाताऱ्या. कुठलं कडवं कोणी म्हटलं, कोणाच्या माहेरी ते कसं म्हणतात, हे सगळं मी टाइमलाइनवरच नोंदवून ठेवलं होतं. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं होतं, पावतीसकट. पुढे कंपनीनं ती आवृत्ती बंद केली. नव्या कॉम्प्युटरवर टाकताना ते कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागायचं, आणि तो सर्व्हरच बंद झालेला. नव्या आवृत्तीत जुनं प्रोजेक्ट उघडत नाही. टेपा माझ्याकडे आहेत, पण त्यांवर केलेलं काम आणि त्या नोंदी त्या फाइलमध्येच राहिल्या. त्या बायकांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत, विचारायचं कोणाला?

तेव्हापासून मी केडेनलाइव्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर आहे. २००२ पासून लिहिलं जातंय, केडीई या जगभरातल्या स्वयंसेवकांच्या समूहाचं आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. परवाना जीपीएल. एकदा या परवान्याखाली दिलेला कोड परत काढून घेता येत नाही. आजचे लोक थांबले तरी उद्या दुसरा कोणी तिथून पुढे नेऊ शकतो. त्याची प्रोजेक्ट फाइल ही साधी एक्सएमएल फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा, क्लिपांची नावं, कट कुठे मारला ते आकडे, मार्करमध्ये (टाइमलाइनवर लावलेल्या खुणांमध्ये) लिहिलेल्या नोंदी, सगळं वाचता येतं. आमची हार्डडिस्क बदलली तेव्हा ड्राइव्हचं अक्षर बदललं. मी फाइलची कॉपी काढली, जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा टाकला आणि पूर्ण प्रोजेक्ट जसंच्या तसं उघडलं. बंद फाइलमध्ये हे करता येत नाही.

तुमच्या लॅपटॉपसाठी: प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू करा. मग ते प्रत्येक क्लिपची एक हलकी कॉपी तयार करतं, एडिटिंग त्या कॉपीवर होतं आणि शेवटी रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, मूळ फुटेजवरून निघतं. प्रॉक्सी रात्री करायला लावा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो; मी लग्नसराईत रेंडर कायम रात्रीच लावते. रॅम वाढवता येत असेल तर जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारून १६ जीबी करून घ्या, कुठलंही सॉफ्टवेअर वापरलं तरी उपयोगाची आहे.

आवाज सरकतो त्याचं कारण मोबाइल. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, कमी-जास्त करत राहतो, आणि टाइमलाइन धरून चालते की तो एकसारखा आहे. केडेनलाइव्ह अशी क्लिप आत घेताना ओळखतं आणि बदलून देऊ का विचारतं, हो म्हणा. नाहीतर हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या प्रोग्राममधून आधीच स्थिर फ्रेम रेटची फाइल काढून घ्या. शूटिंगलाच मोबाइलच्या सेटिंगमध्ये २५ फ्रेम मिळत असतील तर तेच ठेवा, शटर १/५० करता आलं तर उत्तम. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, रोषणाईच्या माळा आणि ट्यूब त्यानं कमी लुकलुकतात. कानबाईच्या मखराला लायटिंग असणारच.

एक वाईट बाजूही सांगते, नाहीतर उद्या म्हणाल ताईनं सांगितलं नाही. बाजारात लग्नाचे जे तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, फुलं उडणारे, नवरा-नवरीच्या नावांचे, ते यात उघडणार नाहीत. फोटोग्राफर तुमच्याकडून फक्त तयार व्हिडिओ घेत असतील तर काही अडत नाही. पण तुमचं प्रोजेक्ट त्यांना त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हवं असेल तर अडेल. कलरचं काम दाविंचीइतकं बारीक होत नाही. मधूनमधून बंदही पडतं. आपोआप सेव्ह होतं, तरी कंट्रोल-एस दाबायची सवय ठेवा, आणि मोठं काम अर्धवट असताना नवी आवृत्ती टाकू नका.

नवापूर:

ताई, भलतं चांगलं सांगं तुम्ही. मना बी हाऊच प्रश्न व्हता.

एक भर घालतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मशीन विंडोज ११ घेत नव्हतं म्हणून मी लिनक्स टाकलं आणि त्यावर दाविंची चालवायला गेलो. लिनक्सवर त्याची मोफत आवृत्ती एच.२६४ या पद्धतीचा व्हिडिओ उघडतच नाही, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यातल्या सगळ्या एमपी४ अडकल्या. त्यासाठी पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते, २९५ डॉलर. नाहीतर प्रत्येक क्लिप एफएफएमपेग या प्रोग्राममधून डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या पद्धतीत बदला, आणि मग फाइली कितीतरी पट मोठ्या होतात. काठी गावच्या होळीचं रात्रभराचं फुटेज होतं माझ्याकडे, डिस्क तिथेच भरली. केडेनलाइव्हमध्ये तेच फुटेज सरळ आत गेलं. हलकं हवं असेल तर शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअरही बघा. केडेनलाइव्ह आणि शॉटकट दोघांच्या आतलं व्हिडिओ चालवणारं एमएलटी इंजिन एकच आहे.

धुळे मिक्सिंग:

ताई, प्रोजेक्ट उघडण्याचा मुद्दा पटला. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे म्हणून लग्नं दाविंचीवरच ठेवीन. पण गावच्या यात्रेचं आणि भजनी मंडळाचं जुनं शूटिंग पडून आहे, ते यावर करून बघतो.

पारोळेकर:

ताई, काल रात्री टाकलं. प्रॉक्सीवर दोन ट्रॅक न अडकता चालले. टायटलचं राहिलं: गाण्यांचे बोल आधी एकानं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून दिलेत, ते पेस्ट केले की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. आणि एक शंका. जीपीएल सॉफ्टवेअरवर केलेला व्हिडिओसुद्धा खुला करावा लागतो का? चॅनलचे पैसे घेता येतात ना?

बोरीकाठची:

पैसे खुशाल घ्या. परवाना प्रोग्रामला लागू आहे, त्यावर केलेल्या व्हिडिओला नाही. तुम्ही प्रोग्राममध्येच बदल करून तो दुसऱ्यांना वाटलात तर त्याचा कोड द्यावा लागेल. तो प्रश्न आपल्याला येत नाही. चॅनलचं जमलं की केडीईला जमेल तेवढी देणगी मात्र पाठवा. मी प्रत्येक लग्नसराईनंतर पाठवते.

बोल युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतील. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट काढला की तो गोंधळ दिसतो. त्या फॉन्टचं नाव विचारून घ्या, त्याप्रमाणे कन्व्हर्टर मिळतो. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि 'ऱ्या' तिथेच घोटाळतात. टायटलला मुक्त किंवा बालू फॉन्ट लावा. दोन्ही मुंबईच्या एक टाइपनं केलेले, खुल्या परवान्याचे, जोडाक्षरं नीट बसतात.

आणि शूटिंगच्या आधी गाणाऱ्या सगळ्यांना विचारा, की हे यूट्यूबवर जाणार आहे, पैसेही मिळतील. शेवटी नावं टाकाल तेव्हा सासर-माहेर दोन्ही गावं लिहा. एकच गाणं तापीच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळं म्हणतात, ऐकणाऱ्याला कळायला हवं ते कुठलं आहे. हीच माहिती क्लिपच्या मार्करमध्येही टाका, म्हणजे प्रोजेक्ट फाइलमध्ये राहील.