गरोदरपणात अंगावरून जाणं: तुमच्या बाबतीत कारण काय निघालं?

दिवस राहिले की पांढरं जातंच, असं सगळ्याच सांगतात. पातळ, दुधट, वास-खाज नसलेलं असेल तर ते खरंही आहे. मला मात्र पाचव्या महिन्यात फुटलेल्या दह्यासारखं जायला लागलं आणि खाजेने झोप उडाली. लाजेपायी पंधरा दिवस गप्प बसले. बुरशीचा संसर्ग निघाला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "मध्यंतरी अँटिबायोटिक घेतलंत का?" लघवीच्या जंतुसंसर्गासाठी घेतलं होतं. त्या गोळ्यांनी योनीतले राखणदार जिवाणूही मरतात आणि बुरशीचं फावतं, हे तेव्हा कळलं. तुमचं काय झालं, मोकळेपणाने लिहा.

—

मला तीनदा बुरशी झाली. योनीत ठेवायच्या गोळ्यांनी जायची आणि पुन्हा यायची. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी 24 ते 28 आठवड्यांच्या नेहमीच्या तपासणीची वाट न बघता लगेच साखर बघितली. गरोदरपणातला मधुमेह! साखर आटोक्यात आली तेव्हाच खाज थांबली. एक विनंती, कोणाकडची उरलेली बुरशीची गोळी तोंडाने घेऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत तर मुळीच नको.

—

माझं कारण माझ्याच हाताने झालं. वास येतो म्हणून सुवासिक वॉशने आतून धूत होते. जितकं धुवावं तितका वास वाढायचा, मासळीसारखा, संबंधानंतर तर जास्तच. स्राव करडा, पातळ. बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला. योनीतली आम्लता साधारण 3.8 ते 4.5 पीएच असते, ती धुण्याने बिघडते आणि नको ते जिवाणू माजतात. लग्नाआधीही एकदा हे झालं होतं, पण मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. माझं पहिलं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालेलं आणि या संसर्गाचा त्याच्याशी संबंध असू शकतो, म्हणून त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या.

—

लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव, लघवीला जळजळ. ट्रायकोमोनास निघाला, शरीरसंबंधांतून येणारा संसर्ग. नवऱ्याला काहीच त्रास नव्हता, तरी दोघांनाही औषध दिलं. एकटीने घेतलं असतं तर पुन्हा झालं असतं. नंतर फेरतपासणीही केली.

—

माझा तर स्रावच नव्हता. तेहतिसाव्या आठवड्यात चड्डी सारखी ओली होत होती. पाण्यासारखं स्वच्छ, वास नाही. लघवी सुटते असं वाटून दिवसभर काढला. गर्भजल होतं ते! लगेच दाखल करून बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. बाळ छान आहे. पण तो वाया घालवलेला दिवस आजही छातीत धडधडतो.

—

मला काहीच निघालं नाही, नेहमीचंच पांढरं. उगीच आले का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "रंग बदलल्यासारखा वाटला, आलात, बरं केलंत."

—

सगळं वाचलं. मला आठवा महिना आहे, अँटिबायोटिक गेल्याच आठवड्यात संपलं आणि तीन दिवस खाज आहे. उद्या सकाळची वेळ घेतली.