रविवारच्या दंतशिबिराबद्दल (सोसायटीचा अधिकृत ग्रुप)

*स्वाती ए-५०२:* सेक्रेटरी साहेब, रविवारच्या शिबिराबद्दल विचारायचंय. ओजसच्या चार दाढांना ते लेझरचं पेन लावलं. आकडे आले १८, २२, २४, २६. लगेच हातात कागद: चार फिलिंग, आठवड्याच्या आत त्यांच्या क्लिनिकवर या, सोसायटीला खास सवलत. आठ वर्षांचा आहे तो. एकही दात दुखत नाही. अजून कोणाकोणाला असे कागद मिळालेत?

*रूपाली ए-२०१:* आमच्या ईराला तीन.

*नीलेश सी-४०४:* दोघांना मिळून पाच. मला वाटलं आमचीच पोरं चॉकलेटं खातात 😅

*प्रमोद काका बी-१०३:* शिबिराच्या मांडवाचे पैसे सोसायटीच्या खात्यातून गेले का? हो की नाही, एवढंच सांगा.

*सेक्रेटरी:* स्वातीताई, शिबिर मोफत होतं, फिलिंगची कोणावर सक्ती नाही. समितीची माणसं रविवारी सकाळी सातपासून राबत होती, तेही बघा.

*स्वाती ए-५०२:* राबल्याबद्दल आभार. प्रश्न कागदाचा आहे.

*वंदना मावशी सी-१०१:* मुळात लेझर मुलांच्या तोंडात घातलाच कसा? विसर्जन मिरवणुकीत लेझरने डोळ्यांना इजा झाल्याचं पेपरात आलं होतं. पुण्यात पोलिसांनी बंदी घातली. दात दुखला तर लवंगेचं तेल लावा आणि गप्प बसा.

*नीलेश सी-४०४:* मावशी, मिरवणुकीतला लेझर तोंडात मावणार नाही.

*वंदना मावशी सी-१०१:* मोठ्यांशी बोलायची ही पद्धत झाली का नीलेश?

*रूपाली ए-२०१:* मेघनाताई, तुम्ही दातांच्या डॉक्टर आहात, तुम्हीच सांगा ना.

*डॉ. मेघना बी-६०१:* मला शिबिराचं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून गप्प होते. गेल्या वर्षी मी फुकट तपासणी केली तेव्हा 'खुर्च्या कमी पडल्या' अशी तक्रार आली होती. असो.

*सेक्रेटरी:* मॅडम, तो विषय तेव्हाच संपला होता.

*डॉ. मेघना बी-६०१:* तुमच्यासाठी संपला. आता लेझरबद्दल. मावशी, तपासणीचा लेझर फार कमी शक्तीचा असतो, त्याने दात कापत नाहीत की भाजत नाहीत. ६५५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश दातावर टाकतात. निरोगी दात त्याला फारसं उत्तर देत नाही. किडलेल्या जागी जंतूंनी तयार केलेली पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात, ती चमकतात. ती चमक पेन मोजतं आणि ० ते ९९ मधला आकडा दाखवतं. हे तंत्र १९९८ पासून बाजारात आहे, यंत्र खोटं नाही.

*स्वाती ए-५०२:* मग २६ म्हणजे कीड आहेच?

*डॉ. मेघना बी-६०१:* तसं नाही. पेन कीड बघत नाही, चमक बघतं. चहाचा डाग, दाढेच्या खाचेतला काळपटपणा, टार्टर म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, नीट न धुतलेली पेस्ट, यांनीही आकडा चढतो. म्हणून आधी दात स्वच्छ करायचे, वाळवायचे, डोळ्यांनी बघायचं आणि मग पेन. रविवारी दात साफ केले होते का?

*रूपाली ए-२०१:* साफ?? आधी बटाटेवडे दिले ना सगळ्यांना.

*नीलेश सी-४०४:* म्हणजे २६ मध्ये १० मार्क वड्याचे 😂

*प्रमोद काका बी-१०३:* वडे कोणाच्या खर्चाने? शिबिराच्या मांडवाचे पैसे सोसायटीच्या खात्यातून गेले का? हो की नाही.

*खजिनदार विवेक:* काका, हिशोब महिनाअखेरीस नोटीस बोर्डावर लागेल.

*प्रमोद काका बी-१०३:* मागच्या वर्षीचा लागायचाय अजून.

*स्वाती ए-५०२:* कृपया विषय भरकटवू नका. मेघनाताई, समजा आकडा खरा असेल तर?

*डॉ. मेघना बी-६०१:* ढोबळ मानाने ३० च्या पुढे गेला तर कीड आतल्या थरात उतरल्याची शंका घ्यायची. तेव्हाही नुसत्या आकड्यावर ड्रिल नाही, एक्स-रे बघायचा. दोन दातांच्या फटीतल्या किडीसाठी तर एक्स-रेच भरवशाचा. विशीतला आकडा असेल आणि वरचा थर फुटलेला नसेल, तर ती सुरुवात असते आणि ती थांबवता येते. फ्लोराइडचं वार्निश, खोल खाचा असतील तर त्या बुजवणारा सीलंटचा लेप, दोन वेळा ब्रश. पेस्टवर फ्लोराइड १००० पीपीएम आहे का ते वाचा. ब्रश झाल्यावर थुंका, पण खळखळून चुळा भरू नका. जेवणांच्या मधलं गोड बंद.

*नीलेश सी-४०४:* मग पेनचा उपयोग काय? शोभेचं?

*डॉ. मेघना बी-६०१:* उपयोग आहे. आज १८ असेल आणि सहा महिन्यांनी त्याच दाढेच्या त्याच जागी पुन्हा १८, तर थांबलंय. ३२ झाला तर हललंय. म्हणून आकडा लिहून ठेवायचा. एका रविवारच्या आकड्यावर एवढ्या मुलांना फिलिंग हे मला पटत नाही. एकदा ड्रिल लावला की कापलेला दात परत येत नाही.

*अविनाश काका ए-१०४:* हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. फुकट शिबिर हे दाखवायचे.

*सेक्रेटरी:* अविनाशजी, ज्यांना त्रास आहे त्यांनी पुढच्या निवडणुकीत उभं राहावं. त्या क्लिनिकशी समितीचा काडीचा संबंध नाही.

*अविनाश काका ए-१०४:* मी कुठे म्हटलं संबंध आहे? 🙏

*वंदना मावशी सी-१०१:* आमच्या वेळी दंतमंजन होतं, सगळे दात शाबूत.

*नीलेश सी-४०४:* मावशी, कवळी कोणाची मग?

*वंदना मावशी सी-१०१:* सेक्रेटरी, या मुलाला ग्रुपमधून काढा.

*स्वाती ए-५०२:* मी फिलिंग करणार नाही. मेघनाताई, ओजसला कधी आणू? फी देणार, आत्ताच सांगते.

*डॉ. मेघना बी-६०१:* शनिवारी संध्याकाळी क्लिनिकवर. ब्रश करून या. ज्यांना खरंच खड्डा आहे, अन्न अडकतंय किंवा थंड लागतंय, त्यांनी मात्र थांबू नका. फिलिंग कुठेही करा, पण करा.

*रूपाली ए-२०१:* आम्ही पण येतो 🙏

*सेक्रेटरी:* पुढच्या शिबिराला मेघना मॅडमना आधी विचारलं जाईल. सभेत ठराव घेऊ. विषय इथे थांबवावा ही विनंती.

*डॉ. मेघना बी-६०१:* खुर्च्या मोजून ठेवा.

*प्रमोद काका बी-१०३:* शिबिराच्या मांडवाचे पैसे सोसायटीच्या खात्यातून गेले का?

*खजिनदार विवेक:* हो काका. गेले.

*प्रमोद काका बी-१०३:* किती?