थकव्यानंतर पुन्हा वाचायला-लिहायला लागताना : तुमचा अनुभव सांगा

कामाने पार पिळून निघालं की आधी सुटतं ते केवळ आवडीने केलेलं. मेलना उत्तरं जातात, वीजबिल भरलं जातं, मुलांचे डबे होतात. पुस्तक तेवढं उशाशी पडून राहतं आणि लिहायची वही कपाटात जाते. मी भाषांतराचं काम करते. दिवसभर शब्दांतच असते, म्हणून लोकांना वाटतं हिचं वाचन तर चालूच असणार. प्रत्यक्षात बराच काळ मी फक्त कामापुरतं वाचत होते. स्वतःचं लेखन तर बंदच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, अकराव्या आवृत्तीत, बर्नआउटची नोंद आहे. आजार म्हणून नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. त्राण संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, अशी तीन लक्षणं तिथे दिली आहेत. ते वाचलं आणि 'मी आळशी झाले' हे जे मनात घेऊन बसले होते ते बरंचसं उतरलं.

मी परतले ती कवितांच्या वाटेने. एक कविता वाचायची आणि पुस्तक मिटायचं. दुसरी वाचावीशी वाटली तरी उद्यावर ठेवायची. तुमचं कसं झालं ते मला ऐकायचंय. पहिलं पान कसं उलटलं, पहिली ओळ कशी लिहिली गेली? अजून जमलं नसेल तर तेही लिहा. पुस्तकांच्या याद्या नकोत आणि वर्षभरात किती वाचली याचे आकडे तर अजिबात नकोत.

प्राथमिक शिक्षिका, मराठवाडा

शिकवण्याने मी कधी दमले नाही. दमवलं ते ऑनलाइन माहिती भरण्याने, सर्वेक्षणांनी, मतदारयाद्यांच्या कामाने आणि 'आजच पाठवा' अशा मेसेजेसनी. घरी आल्यावर अक्षर डोळ्यांसमोर नको व्हायचं.

आमच्या वर्गात 'किशोर'चे जुने अंक आहेत. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक आता ऑनलाइनही मोफत वाचायला मिळतात. मधल्या सुट्टीनंतर मुलं गोष्ट मागतात. तिसरीतली एक मुलगी जोडाक्षरावर अडायची. ती बोट तिथेच धरून ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी ते अक्षर सोडवून द्यायचे, की ती पुढे. असं अडत अडत आम्ही गोष्टीच्या शेवटाला आलो आणि घंटा झाली. शेवटचा परिच्छेद राहिला. तो अंक मी पिशवीत टाकून घरी नेला, कारण पुढे काय झालं हे मलाच हवं होतं. 'हवं होतं' असं मला कितीतरी दिवसांनी कशाबद्दल तरी वाटलं.

मोठ्यांची पुस्तकं फार नंतर हातात घेतली. लहान मुलांचं वाचायला संकोच वाटत असेल तर कृपया तो सोडा.

आयटी, पुणे

मला वेगळं सांगायचंय. पुस्तकांनी माझा थकवा घालवला नाही. थकवा उतरला तेव्हा पुस्तकं परत आली, आणि तो उतरला रात्रीचे कॉल बंद झाल्यावर. त्याआधी मी जे जे करून पाहिलं, वाचनाचे संकल्प, ग्रुप, रोज पंचवीस पानांचं उद्दिष्ट, त्याने ताणच वाढला. तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचो आणि मध्येच हात फोनकडे जायचा. प्रोजेक्ट बदलून घेतला, त्यात पगारवाढही लांबली, पण झोप परत आली.

मग स्वयंपाक करताना कथा ऐकायला लागलो. ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर वाद घालणारे घालोत. कांदा चिरता चिरता एखाद्या पात्राची काळजी वाटायला लागली, माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. ऐकलेल्यातलीच एक कथा पुढे छापील शोधून वाचली. आवाज कानात होताच, त्यामुळे पानं सरकत गेली.

सार्वजनिक वाचनालय, देवघेव विभाग, रत्नागिरी जिल्हा

मी काउंटरच्या आतल्या बाजूचं लिहिते. असे वाचक मला चेहऱ्यावरून कळतात. ते आल्या आल्या आधी थकलेल्या वर्गणीबद्दल दिलगिरी व्यक्त करतात, मग कपाटांपुढे उभे राहतात आणि काहीच न घेता परत येतात. 'तुम्हीच द्या काहीतरी' म्हणतात. निवड करण्याएवढंही त्राण नसतं हे मला इतक्या वर्षांत समजलंय, म्हणून अशा वेळी मी दहा पुस्तकं पुढ्यात मांडत नाही. एकच देते.

बहुतेकदा ते एक म्हणजे दिवाळी अंक असतो. 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला, तेव्हापासूनची ही परंपरा. या अंकांची घडणच अशी : कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं, राशिभविष्य, सगळं एका जागी. कुठूनही उघडावा, कंटाळा आला तर पान उलटावं, अर्धा अंक न वाचता परत करावा. कादंबरी अर्धी सोडली की माणसाला हरल्यासारखं वाटतं, दिवाळी अंकाचं तसं होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये लोकांची अंकांची घाई संपलेली असते, तेव्हा तर मी मुदतीकडेही फार बघत नाही.

दुसरं, मी त्यांच्या जुन्या नोंदी काढते. पूर्वी काय नेलं होतं, कोणतं पुस्तक पुन्हा पुन्हा नेलं होतं. एक परिचारिका आल्या होत्या, कोविडची दोन वर्षं वॉर्डात काढलेल्या. त्यांच्या खात्यावर एकच प्रवासवर्णन तीनदा होतं. तेच काढून दिलं. त्या म्हणाल्या, 'हे तर वाचलंय.' म्हटलं, म्हणूनच न्या. वाचलेल्या पुस्तकात नवी नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत, पुढे काही वाईट घडेल याची धास्ती नसते. दमलेल्या माणसाला ओळखीच्या घरी जायला बरं वाटतं, तसंच हे. त्या पुस्तक परत करायला आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण त्याच लेखकाचं दुसरं मागितलं.

आणखी एक बारीक गोष्ट. टाइप मोठा हवा, प्रकरणं लहान हवीत. चाळिशीचा नंबर वाढलेला असतो आणि माणूस समजतो की मन लागत नाही. मी आधी चष्म्याचं विचारते.

डॉक्टर, नागपूर

वरच्या सगळ्यांना एक जोड. कामापासून दूर गेल्यावर, सुट्टीतही, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला नुसता कामाचा शीण समजून बसू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मी स्वतः निवासी डॉक्टर असताना मदत घेतली होती. वाचन त्यानंतर सुरू झालं.

पणजी

माझं लिहिणं थांबलं होतं. वर्षानुवर्षं ललित लिहीत आले, लोक वाट बघायचे, आणि ती वाटच पुढे ओझं झाली. मांडवीवर, पावसावर, कशावरही लिहायला बसले की पहिल्याच वाक्याला वाटायचं, हे आपण आधी लिहिलंय.

परत सुरुवात झाली ती कॅनडातल्या बहिणीमुळे. तिला आईच्या हातचं बांगड्याचं हुमण करायचं होतं. मी आईजवळ वही घेऊन बसले. खोबरं किती? 'मुठीत येईल तेवढं.' मूठ कोणाची? आई हसली, 'माझी.' तिरफळं वाटणात घालायची नाहीत, ठेचून वरून टाकायची, आणि त्यांतली काळी बी आधी काढायची, कडवटते. हे सगळं मी जसं ती बोलली तसं उतरवत गेले. 'मग रश्शाला उकळी आली की बांगडे सोड, आणि डाव घालून ढवळत बसू नकोस, भांडं नुसतं हलव' हे वाक्य लिहून झालं आणि लक्षात आलं, मी वाक्य घडवायला बसलेच नव्हते, तरी ते नीट उभं राहिलं होतं.

मग आईचेच आणखी पदार्थ. मग शेजारणीचं लोणचं. सगळं बहिणीसाठी. आता स्वतःचं लिहिते, पण हातानेच, आणि लिहिलेलं लगेच कुणाला दाखवत नाही. छापण्याचा विचार सध्या बाजूलाच ठेवलाय, लिहिण्याशी पुन्हा दोस्ती होऊ दे.

बँकेत नोकरी, नाशिक

माझं अजून काहीच झालेलं नाही. मार्चअखेर गेली, तरी डोकं बधिर ते बधिरच. वरचं सगळं वाचलं, एवढं सलग मी गेल्या कित्येक महिन्यांत वाचलं नव्हतं. पुस्तक उघडायची मात्र अजून भीती वाटते. सुरुवात केली आणि मिटवावं लागलं तर?

देवघेव विभाग, रत्नागिरी जिल्हा

दादा, मिटवा की. पुस्तकाला त्याचं काही नसतं. आणि उघडायचंच नसेल तर तुमच्या गावच्या वाचनालयात नुसते जाऊन बसा. आमच्याकडे वृत्तपत्र विभागात बसायला सभासदत्व लागत नाही, बऱ्याच ठिकाणी असंच असतं. पंख्याखाली बसा, पेपर चाळा किंवा तोही चाळू नका. एक गृहस्थ आमच्याकडे उन्हाळाभर असेच येत होते. कोणी काही विचारलं नाही. पावसाळ्यात त्यांनी स्वतःहून सभासदत्वाचा अर्ज मागितला.