बायपासनंतर पुन्हा वाढणारे वजन: दोष थायरॉइडचाच का?

प्रश्न

तीन वर्षांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपासची (वजन घटवण्यासाठी जठराचा छोटा भाग वेगळा करून थेट आतड्याला जोडण्याची) शस्त्रक्रिया झाली. थायरॉइड कमी काम करण्याचा त्रास त्याच्याही आधीपासूनचा असून थायरॉक्सिनची गोळी रोज चालू आहे. सुरुवातीला वजन ११८ किलोवरून ७६ किलोपर्यंत उतरले आणि डॉक्टरांनी गोळीची मात्रा १२५ वरून १०० मायक्रोग्रॅमवर आणली. गेल्या वर्षभरात मात्र वजन हळूहळू चढून ८५ किलोवर आले आहे, थकवा जाणवतो, केस गळतात आणि ताज्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, थायरॉइड कमी पडले की ते वाढते) ८.२ आले. उठल्यावर थायरॉइडची गोळी, अर्ध्या तासाने न्याहारी आणि न्याहारीबरोबर लोह, कॅल्शियम व आम्लपित्ताची गोळी असा माझा क्रम असून केसांसाठी बायोटिनही घेते. घरचे म्हणतात, मात्रा वाढवली की वजन आपोआप उतरेल. हे नऊ किलो खरोखर थायरॉइडमुळे वाढले असतील का?

उत्तर १

ताई, थायरॉइड कमी पडल्याने वजन वाढते हे खरे, पण ती वाढ बहुधा दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असते आणि तिचा बराच भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. त्यामुळे नऊच्या नऊ किलो एकट्या थायरॉइडच्या माथी मारता येतील असे मला वाटत नाही. तरीही ८.२ हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि त्याचे कारण तुम्ही सांगितलेल्या क्रमातच दडलेले असू शकते.

लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरू देत नाहीत. म्हणून थायरॉइडची गोळी आणि ही औषधे यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. तुमच्या बाबतीत ते जेमतेम अर्ध्या तासाचे आहे. ही गोळी विरघळायला जठरातील आम्ल लागते. बायपासनंतर जठराचा लहानसाच भाग वापरात राहतो, त्यात आम्ल कमी करणारे औषध रोजचे, म्हणजे शोषण दोन्हीकडून घटते. वजन उतरल्यावर थायरॉक्सिनची गरज सहसा कमी होते, त्यामुळे तेव्हा मात्रा घटवणे योग्यच होते. पण शोषण बिघडले की तीच मात्रा अपुरी पडू लागते.

सकाळचा क्रम जमत नसेल तर शेवटच्या खाण्यानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारा. मात्र त्या सुमारास कॅल्शियम नको. वेळ बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर लगेच पुन्हा तपासणी करून काही उपयोग नाही. आम्लपित्ताची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, कारण बायपासच्या जोडावर व्रण होऊ नये म्हणूनही ती दिलेली असू शकते.

उत्तर २

बायोटिनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. केसांसाठीच्या मोठ्या मात्रेमुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी फोर (थायरॉइडचे संप्रेरक, म्हणजेच थायरॉक्सिन) प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, म्हणजे तुमचे खरे टीएसएच ८.२ पेक्षाही अधिक असू शकेल. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते थांबवावे आणि आपण ते घेतो हे प्रयोगशाळेला सांगावे. केस गळण्यामागे लोहाची किंवा प्रथिनांची कमतरताही असू शकते, म्हणून फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासून घ्या.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वेळांचे अंतर मला कोणी इतके नेमके सांगितले नव्हते. टीएसएच ताळ्यावर आल्यावरही वजन उतरावे म्हणून मात्रा थोडी जास्त ठेवून घेता येते का?

उत्तर ३

कृपया तसे करू नका. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे विरळ होतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. बायपासनंतर हाडांची झीज तशीही वाढलेली असते, तिच्यात ही भर फार महागात पडेल.

वजनाचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागेल. सर्वांत कमी वजन बहुतेकांचे पहिल्या एक-दोन वर्षांत गाठले जाते आणि त्यानंतर थोडे वाढणे नेहमीचे आहे, कारण शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकते आणि भूक परत येते. तुमची वाढ त्याहून अधिक वाटते, म्हणून शल्यचिकित्सकांना दाखवाच. जठर आणि आतड्याचा जोड सैल झाला आहे का, किंवा जठराच्या वेगळ्या केलेल्या भागाशी पुन्हा वाट तयार झाली आहे का, हे एंडोस्कोपीत किंवा बेरियमच्या तपासणीत कळते. दिवसभर थोडे थोडे खाणे, गोड पेये आणि मद्य यांचाही हिशेब आहारतज्ज्ञांसमोर प्रामाणिकपणे मांडा. बायपासमुळे त्यांना आळा बसतोच असे नाही. इन्सुलिन, स्टेरॉइड, प्रिगाबालिन किंवा नैराश्यावरची मिर्टाझापिनसारखी औषधे चालू असतील तर तीही सांगा.

वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांचा विषय निघाला तर घाबरू नका. शस्त्रक्रियेनंतर वाढलेल्या वजनासाठी ती आता वापरली जातात. स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असेल तर ती देत नाहीत. तुमच्यासारख्या कमी काम करणाऱ्या थायरॉइडला ती मनाई लागू होत नाही.