अनुभव धागा: स्थानकातली हात लावून बघायची कला आणि त्या जागेचा इतिहास

धागाकर्ती

रेल्वे, मेट्रो किंवा बसच्या स्थानकात त्या परिसराचा इतिहास सांगणारी कलाकृती उभारायची, आणि तीही नुसती बघायची नाही तर दांडा फिरवायची, बटण दाबायची, बोटाने चाचपायची, चालता चालता बदलणारी. अशी कामं ज्यांनी आखली, बांधली, जोडली किंवा सांभाळली आहेत त्यांनी इथे लिहावं. उद्घाटनाची वर्णनं नकोत. मापं द्या, साहित्य सांगा, काय मोडतं आणि का मोडतं ते सांगा.

फलाट क्रमांक तीन

आधी जागा ठरवा, मग कल्पना. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं आणि मग चांगली कल्पना चुकीच्या भिंतीवर जाऊन बसते.

स्थानकातला माणूस चालत असतो, रांगेत असतो किंवा गाडीची वाट बघत असतो. चालणाऱ्याकडे चार-पाच सेकंद असतात, त्याला थांबवायचा प्रयत्नही करू नका. चालताना बदलणारं चित्र, पावलागणिक उलगडणारी पट्टी, एवढंच तिथे चालतं. वाट बघणाऱ्याकडे दोन ते चार मिनिटं असतात, पण गाडी आली की तो अर्ध्यातच जाणार. म्हणून प्रत्येक कृतीचा मोबदला २० ते ३० सेकंदांत मिळाला पाहिजे.

सरकत्या जिन्याच्या तोंडाशी काहीही नको. उतरणारी माणसं मागून ढकलली जात असतात, पुढचा एक जण बघायला थांबला की पडझड होते. किमान ८ ते १० मीटर सोडा. तिकीट गेटच्या दोन्ही अंगांना तेच. फलाटावर असेल तर कलाकृतीसमोर दोन ओळी उभ्या राहतील असं धरून १.२ मीटर वजा करा आणि मग उरलेली रुंदी गर्दीच्या वेळेला पुरते का ते मोजा. दुपारी बारा वाजता काढलेली मापं काही कामाची नाहीत.

काम करायला रात्रीची शेवटची गाडी आणि पहाटेची पहिली गाडी यांच्यामधला वेळ मिळतो. त्यातून परवाना, वीज बंद केल्याची खात्री आणि सामान आत-बाहेर करणं वजा केलं की हातात दीड-दोन तास राहतात. म्हणून एकेक तुकडा २५ किलोच्या आत ठेवा, दोन माणसांनी उचलून स्क्रूने बसवता आला पाहिजे. चिकटवलेलं काहीही नको.

विजेशिवायही सहभाग घडवता येतो, हे विसरू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेला १५० वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, मार्क वॉलिंजर यांनी तेव्हाच्या २७० स्थानकांसाठी एकेक चक्रव्यूह केला. पत्र्यावर भाजलेलं एनॅमल, काळं-पांढरं, आत शिरायच्या जागी लाल फुली. लोक बोट फिरवत केंद्रापर्यंत जातात. तार नाही, बटण नाही, आणि एनॅमल असल्यामुळे पुसलं की पुन्हा नवं.

लोहारकाम

दांडे आणि हँडल यांच्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात आधी तेच जातात.

अमेरिकेत केंब्रिजच्या केंडल स्थानकात पॉल मातीस यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन वाद्यं बसवली. एकाचं नाव पायथागोरस: दोन रुळांच्या मधोमध टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये सागवानी हातोडे. फलाटाच्या भिंतीवरचा दांडा मागे-पुढे केला की हातोडे झुलायला लागतात. गंमत अशी की जोर लावून काही होत नाही. झोपाळ्याला जसा योग्य वेळी धक्का देतात तसा ताल धरला तरच झुला वाढतो आणि हातोडा नळीला लागतो. ज्याला हे समजत नाही तो दांडा हिसकतो, आणि त्या हिसक्यांचा सगळा भार सांध्यांवर येतो. ही वाद्यं वर्षानुवर्षं अधूनमधून बंद पडत राहिली, २०१० पासून तिथल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी दुरुस्ती हातात घेतली.

यातून घ्यायचं ते असं. माणूस किती हळुवार वागेल यावर हिशोब करू नका. फिरवायचा दांडा असेल तर त्रिज्या १५० मिमी ठेवा आणि आत घसरता क्लच घाला, साधारण ९ न्यूटन-मीटरला सुटणारा. म्हणजे मुठीवर ६० न्यूटनपेक्षा जास्त जोर आला की दांडा नुसता फिरतो, आतली यंत्रणा सुरक्षित राहते. दोन्ही दिशांनी फिरू द्या. एकाच दिशेने फिरणारा दांडा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी उलटा पिळतं.

शाफ्ट २५ मिमी, बेअरिंग ६२०५ क्रमांकाचं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं. उघडं बेअरिंग ब्रेकच्या लोखंडी धुळीने घट्ट होतं. भिंतीतली पकड मात्र वेगळ्या हिशोबाने: मुलं दांड्याला लटकतात, मोठी माणसंही त्यावर रेलतात. टोकाला १.५ किलोन्यूटन (सुमारे दीडशे किलोचा भार) धरून भिंतीतले अँकर बोल्ट निवडा, आणि भिंत पोकळ विटेची असेल तर मागून पत्रा टाकून आरपार बोल्ट घ्या.

बोटं अडकण्याचा नियम लहान मुलांच्या खेळण्यांच्या जागेचा आहे तोच इथे लावा: हलत्या भागाजवळची फट ८ मिमीपेक्षा कमी किंवा २५ मिमीपेक्षा जास्त. मधल्या मापात बोट जातं आणि बाहेर येत नाही.

गाड्यांच्या कंपनाने साधे नट सैल होतात. नायलॉन कडीचे नट वापरा, किंवा मध्यम ताकदीचा थ्रेड-लॉक लावा. कायमचा पक्का नको, नाहीतर दुरुस्तीला गॅस कटर आणावा लागेल. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या पट्टीत थेट घातला की ओल धरून ॲल्युमिनियम खात जातं, मध्ये नायलॉनचा वायसर आणि बुश टाका.

तारकाम

लोहारकाम यांचं पटलं. बटणांचंही तेच.

साध्या स्प्रिंगच्या बटणापेक्षा पिझो बटण घ्या, म्हणजे दाब पडताच आतला स्फटिक विजेचा इशारा देतो असं. त्यात हलणारा भाग जवळजवळ नसतो, धूळ-पाणी आत जायला वाट नसते. संरक्षणाचा दर्जा धूळ-पाण्यासाठी आयपी ६५, मारहाणीसाठी आयके १०, याच्या खाली उतरू नका. एक अडचण आहे: दाबल्याची जाणीव बोटाला होत नाही, त्यामुळे लोक पुन्हा पुन्हा ठोकतात. भोवती उजळणारी कडी ठेवा, दाबल्याबरोबर पेटली पाहिजे. उत्तर दोन सेकंदांनी आलं तरी चालेल, कडी मात्र लगेच.

प्रोग्रॅममध्ये दाबण्याच्या क्षणाला प्रतिसाद द्या, दाबून धरण्याला नाही. मुलं बटण धरून उभी राहतात.

सगळं २४ व्होल्ट डीसीवर, प्रत्येक फांदीला स्वतंत्र फ्यूज. वायर कमी धूर आणि हॅलोजनविरहित आवरणाची, भुयारात यावर तडजोड नसते. संगणक पंख्याशिवायचा. पंखा लोखंडी धूळ आत ओढतो, ती धूळ वीजवाहक असते, आणि मग बोर्डावर कुठेही शॉर्ट होतं. साठवणूक फक्त-वाचनीय ठेवा. रात्री कुणी मुख्य स्विच पाडला तर मेमरी कार्ड बिघडता कामा नये. वॉचडॉग चालू ठेवा, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर यंत्र आपोआप नव्याने सुरू होईल.

टच स्क्रीनबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. ओल्या बोटांना भलताच प्रतिसाद, हातमोज्यांना काहीच नाही, आणि बंद पडलेली काळी काच संपूर्ण स्थानक दुर्लक्षित असल्यासारखी दिसते. यांत्रिक वस्तू बंद पडली तरी निदान शिल्प म्हणून उभी राहते.

ध्वनी

फलाटावर गाडी येते तेव्हा ८० ते ९० डेसिबल असतात. बोललेलं नीट समजायला आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलच्या आसपास वर हवा. हे गणित फलाटभर ऐकू जाणाऱ्या स्पीकरने सुटत नाही, आणि सोडवलं तर शेजारचे वैतागतात. उत्तर एकच, स्पीकर कानाजवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात. कानापासून ३०-४० सेंटिमीटरवर छोटा स्पीकर, किंवा टेलिफोनसारखा रिसीव्हर.

रिसीव्हरची वायर स्टीलच्या लवचीक नळीतून घ्या, लांबी ६० सेंटिमीटरपर्यंत. जास्त लांब असेल तर रिसीव्हर जमिनीवर आपटतो आणि मुलांच्या गळ्याभोवती जाण्याची भीती. तुटते ती मधे नाही, दोन्ही टोकांना. टोकाशी ताण घेणारी पकड वेगळी द्या. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी रिसीव्हरमध्ये इंडक्शन कॉइल मागा.

टाइलच्या भिंतींमुळे घुमण्याचा काळ दोन-तीन सेकंद असू शकतो. म्हणून मुलाखत ध्वनिमुद्रित करताना खोली मऊ हवी, गाद्या, पडदे. मुद्रणातली घुम आणि स्थानकातली घुम एकत्र आली की शब्द विरघळतात. एक तुकडा २५ ते ४० सेकंदांचा, मोनो. पहिल्या वाक्यात माणूस कोण, कुठलं काम करत होता हे आलंच पाहिजे. सनावळीने सुरुवात केली की रिसीव्हर खाली ठेवला जातो.

स्थानकाच्या घोषणा सुरू झाल्या की कलाकृती गप्प झाली पाहिजे. घोषणा यंत्रणेकडून कोरडा संपर्क (स्वतःची वीज नसलेला, नुसता उघड-बंद होणारा स्विच) मागून घ्या, आगीच्या सूचनेसाठी वेगळा. हे निविदेतच लिहा, नंतर मिळत नाही.

बिनशब्दांचा आवाज मात्र फलाटावर छान चालतो. न्यूयॉर्कच्या ३४ व्या रस्त्याच्या स्थानकात क्रिस्टोफर जॅनी यांची ‘रीच’ ही रचना १९९० च्या दशकात बसली. डोक्यावर हिरवी पट्टी, तिच्या भोकांसमोर हात नेला की मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), बासरी, जंगलातले आवाज. समोरासमोरच्या फलाटांवर जोडी आहे, त्यामुळे अनोळखी माणसं रुळांपलीकडून एकमेकांना उत्तर देतात आणि कुणाला जागाही सोडावी लागत नाही.

दप्तरखाना

इथे आतापर्यंत यंत्राचंच चाललंय, इतिहासाचं कोण बोलणार?

यंत्र मोडलं तर दुरुस्त होतं. चुकीचा मजकूर दगडात कोरला तर परिसरातले लोक कायमचे दुखावतात. क्रम असा ठेवा: आधी नावाजलेल्या घटना बाजूला ठेवून स्थानकाच्या एका किलोमीटरच्या परिघात लोक कशावर जगत होते ते शोधा. गिरण्या, बंदर, भट्ट्या, बाजार, तबेले, छापखाने. मग त्या कामातली अवजारं आणि हालचाली शोधा, कारण सहभागाची कृती तिथूनच मिळते. मागावर धोटा फेकायची हालचाल दांड्यात येऊ शकते. लढाईची तारीख दांड्यात येत नाही.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकात डेव्हिड जेंटलमन यांनी १९७९ मध्ये हेच बघितलं. तिथला मध्ययुगीन क्रूस राणीच्या आठवणीत उभारलेला, पण फलाटभर दिसतात ते तो घडवणारे पाथरवट, मजूर, गाडीवान. लाकडात कोरलेल्या छोट्या चित्रांचे प्रचंड मोठे केलेले ठसे.

आठवणी गोळा करताना संमतीपत्रात तीन गोष्टी वेगळ्या लिहा: ध्वनिमुद्रण जपणं, स्थानकात वाजवणं, आणि पुढे मागे घेण्याचा हक्क. एकच सही सगळ्याला लागू करू नका. दोन आठवणी एकमेकींशी जुळत नसतील तर दोन्ही ठेवा आणि दोन बटणांवर द्या. सनावळी मात्र कागदपत्रांवरूनच. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, फोटोच्या मागचा मजकूरही स्कॅन करा, बहुतेक वेळा खरी माहिती मागेच असते. आणि मजकुराच्या पट्ट्या बदलता येतील अशा करा, कारण लागल्यावर पहिल्या महिन्यात कोणीतरी जाणकार येऊन चूक दाखवतोच.

मजकूर स्वतःच सहभाग होऊ शकतो. पॅरिसच्या काँकॉर्द स्थानकात फ्रान्स्वाज शाइन यांनी १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा छताच्या कमानीपर्यंत टाइलवर लावला, एका टाइलवर एक अक्षर. अक्षरं सलग ओळीत लावली आहेत, वाचायचं असेल तर प्रवाशाला शब्द स्वतः जुळवावे लागतात.

छपाई

चालणाऱ्यांसाठी ‘तेव्हा आणि आता’ दाखवायचं असेल तर लेंटिक्युलर पत्रा घ्या, म्हणजे बारीक भिंगांच्या रेषा असलेला, बघायचा कोन बदलला की चित्र बदलणारा. वीज लागत नाही. भिंगाच्या रेषा उभ्या ठेवा, आणि रुंद दृष्टिकोनाचं भिंग निवडा, नाहीतर दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसून भूत उमटतं. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून हवेत. एक न बदललेली कड पकडा, मनोऱ्याची किंवा पुलाच्या खांबाची, आणि तिच्यावर दोन्ही जुळवा. एक फार काळा आणि दुसरा फार उजळ असेल तर सावली राहतेच, आधी दोघांचा गडदपणा जवळ आणा.

पिच टेस्ट, म्हणजे छापलेल्या रेषांचं अंतर भिंगांच्या अंतराशी जुळतं का ही चाचणी, प्रत्येक खेपेच्या पत्र्यावर नव्याने करा, जुने आकडे वापरू नका. आणि पत्रा घट्ट आवळू नका. ॲक्रिलिक मीटरला दर अंशाला सुमारे ०.०७ मिमी वाढतं. १.२ मीटरच्या पत्र्याला ३० अंशांच्या फरकाने अडीच मिमी. भोकं तेवढी मोठी नसतील तर पत्रा फुगतो.

बोटवाचक

ब्रेलच्या टिंबाची उंची ०.६ ते ०.९ मिमी. त्याहून बसकं असेल तर वाचता येत नाही, उंच आणि टोकदार असेल तर बोट दुखतं. उठावाच्या नकाशात पोत तीन-चारच ठेवा, रेषा एक ते दीड मिमी वर. फळी आडवी-तिरकी, पुढची कड ९०० मिमीच्या आसपास, खाली चाकाच्या खुर्चीचे गुडघे जातील एवढी जागा. बटणं आणि दांडे जमिनीपासून ४०० ते १२०० मिमीच्या दरम्यान.

स्पर्शाने झिजणं हा दोष मानू नका. मॉस्कोच्या प्लोश्चद रेवोल्युत्सी स्थानकात १९३८ पासून शिल्पकार मॅनिझर यांची ७६ ब्राँझ शिल्पं आहेत. सीमारक्षकाच्या कुत्र्याचं नाक प्रवाशांच्या हातांनी सोन्यासारखं झालंय. ब्राँझचा ओतीव थर जिथे हात लागणार तिथे जाड ठेवा, ८ ते १० मिमी, म्हणजे नक्षी झिजली तरी धातू फाटणार नाही.

सफाई

सफाईवाल्यांना आराखड्याच्या बैठकीला बोलवा. त्यांची पहिली हरकत नेहमी वरच्या आडव्या कडांवर असते, तिथे धूळ साचते. कडांना ३० अंश उतार द्या. लेंटिक्युलरवर कोरडं फडकं चालत नाही, धूळ खाचांत घासली जाते. मऊ ब्रश, रेषांच्या दिशेने, कोमट पाणी.

धागाकर्ती

हस्तांतराच्या वेळी स्थानकाकडे नेमकं काय द्यायचं?

लोहारकाम

एक पेटी आणि एक वही. पेटीत प्रत्येक प्रकारची दोन बटणं, दोन रिसीव्हर वायरीसकट, बेअरिंगचे दोन जोड, क्लचची चकती, एक तयार कॉपी केलेलं मेमरी कार्ड, आणि छेडछाडरोधक स्क्रूचे पेचकस तीन, कारण दोन हरवतात. वहीत जोडणीचं चित्र, प्रत्येक भागाचा बाजारात मिळणारा क्रमांक, आणि कुठला फ्यूज काढला की काय बंद होतं याची यादी. या यादीची एक प्रत लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूने लावा, चिकटपट्टीने नको.