दिवाळी बोनस ही भेट नव्हे, राखून ठेवलेला पगार आहे

चाकणचा_स्टोअरकीपर

ऑक्टोबर उजाडला की कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नसतो. कुणाला किती मिळाला, कुणाकडे नुसतीच मिठाईची पेटी आली, सुरतच्या हिरे व्यापाऱ्याने कामगारांना गाड्या कशा वाटल्या. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बोनस म्हणजे मालकाची मर्जी. मला हे अजिबात मान्य नाही.

८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ सरळ तेरावा पगार. १९६५ च्या बोनस कायद्यात किमान बोनस आधी ४ टक्के होता, पुढे तो ८.३३ झाला, कंपनी तोट्यात असली तरी द्यायचाच. नफा झाला तर तो २० टक्क्यांपर्यंत जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही हेच दोन आकडे आहेत. वर्षात ३० दिवस काम केलेला माणूस त्याला पात्र ठरतो.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते सांगतो. आमच्याकडे कायम कामगारांचा बोनस युनियनच्या करारात ठरतो, त्यांचं ठीक आहे. पण लाइनवर निम्म्याहून जास्त पोरं कंत्राटदाराची आहेत. त्यातल्या एकाची पगाराची स्लिप मी पाहिली. बेसिक, एचआरए, धुलाई भत्ता, आणि खाली ‘स्टॅ. बोनस ५८३’, म्हणजे स्टॅट्युटरी, कायद्याचा बोनस. हे ५८३ म्हणजे ७,००० चे ८.३३ टक्के. पण २०१५ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं होतं, की ७,००० किंवा त्या उद्योगाचं किमान वेतन, यातलं जे जास्त त्यावर हिशोब करायचा. किमान वेतन १३,००० धरलं तर महिन्याला १,०८३ व्हायला हवेत. म्हणजे एका पोराचे वर्षाला ६,००० रुपये गेले. अशी किती पोरं एका शेडमध्ये असतात, तुम्हीच बघा.

आणि जिथे बोनस एकरकमी खात्यावर येतो, तिथे दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस गेटबाहेर उभा राहून अर्धी रक्कम रोख परत घेतो. पोरं देतात, कारण पुढच्या महिन्याचा गेटपास त्याच्याच हातात असतो. कंपनीने तर कंत्राटदाराच्या बिलात बोनसचे पूर्ण पैसे भरलेले असतात.

म्हणून माझी मागणी एवढीच: कंत्राटी कामगारांचा बोनसचा तक्ता, नाव आणि रकमेसह, मूळ कंपनीच्या नोटीस बोर्डावर लागला पाहिजे.

भोसरीकर_जॉबवर्क

कंत्राटदार पैसे परत घेतो ती सरळ चोरी आहे, त्यात वाद नाही. पण ‘तोटा झाला तरी द्या’ यावर माझा आक्षेप आहे, आणि मी तो उघड मांडणार.

माझ्याकडे २४ माणसं आहेत. टर्निंग, मिलिंगचं काम. मोठ्या कंपनीला माल देतो, पैसे ९० दिवसांनी येतात, कधी १२० होतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, आयकरातही त्यासाठी कलम आणलं. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला जाते. दिवाळीच्या आधी माझ्या खात्यात पैसे नसतात, येणी असतात. मग बोनस कशातून देतो? बँकेच्या ओडीतून, म्हणजे ओव्हरड्राफ्टच्या उचलीतून, व्याज भरून.

तरी देतो. कारण माणसं वर्षभर माझ्यासाठी राबली आहेत, त्यांच्या घरी फराळ व्हायला हवा. एका चांगल्या वर्षी मी १२ टक्के दिला होता. पुढच्या वर्षी धंदा बसला, ८.३३ दिला, तर सगळे तोंड पाडून बसले आणि दोघांनी काम सोडलं. तेव्हापासून चांगल्या वर्षीही मी जास्तीचा देत नाही. ‘हक्क, हक्क’ म्हणत राहिलात की मालकाची हात सैल सोडण्याची इच्छा मरते. माझ्या मते ५० माणसांच्या आतल्या युनिटला किमान ४ टक्के असावा आणि वरचा नफ्यावर.

गिरणगाव_लालबाग

भोसरीकर, तुमची अडचण खरी आहे, पण ४ टक्के हा प्रयोग या देशात होऊन गेलाय. आणीबाणीत, १९७५ साली, अध्यादेश काढून किमान बोनस ८.३३ वरून ४ टक्क्यांवर आणला. संप करायची सोय नव्हती. १९७७ मध्ये सरकार बदललं तेव्हा तो परत ८.३३ झाला.

आणि ‘मर्जी’ची गोष्ट तर मुंबईतच सुरू झाली. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अफाट नफा कमावला, महागाई वाढली, तेव्हा १९१७ मध्ये गिरणीमालकांनी १० टक्के युद्ध बोनस दिला, पुढच्या वर्षी १५. नंतर वर्षाचा बोनस नियमाने मिळू लागला. १९२३ मध्ये मालकांनी तो बंद केला आणि १९२४ च्या जानेवारीत गिरण्या संपाने बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांची समिती नेमली. निकाल काय आला? कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क नाही, ना रूढीने ना कायद्याने. संप मोडला.

तिथून १९६५ पर्यंत एकेचाळीस वर्षं गेली. मध्ये १९५० मध्ये लेबर अपिलेट ट्रिब्युनलने मुंबईच्या गिरण्यांच्याच खटल्यात नफ्यातून बोनस काढायचं सूत्र दिलं, १९६१ मध्ये बोनसवर मेहेर आयोग नेमला गेला, मग कायदा झाला. आणि १९८२ चा संप? त्याची ठिणगीही १९८१ च्या दिवाळी बोनसवरूनच पडली. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार पटला नाही म्हणून कामगार दत्ता सामंतांकडे गेले. माझे वडील त्या संपात होते. त्यांच्यासाठी बोनस म्हणजे मुलांचे कपडे आणि गावाकडच्या घराची कौलं. मर्जी राखून ते मिळत नव्हतं.

एचआर_हिंजवडी

दोन गोष्टी. पहिली, सगळ्यांनाच हा कायदा लागू नाही. २०१५ मध्ये ठरलेली महिना २१,००० ची मर्यादा दहा वर्षं तशीच राहिली. आयटीत बहुतेक जण तिच्या वर आहेत. त्यांना मिळतं ते व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीनुसार कमीजास्त होणारी रक्कम, किंवा भेटवस्तू, आणि त्याला भेट म्हणण्यात काहीच गैर नाही. सुकामेव्याचा डबा, घरी दिवाळीला जायला जोडून सुट्टी, या गोष्टी कंपनी आपुलकीने करते. प्रत्येकीवर हक्क सांगितला तर त्या बंद होतील, हे भोसरीकरांचं म्हणणं मला पटतं.

दुसरी, बोनस दरमहा पगारात देण्यावर इतका राग का? कंत्राटी माणूस वर्षात दोनदा जागा बदलतो. दिवाळीला एकरकमी ठेवला तर मधेच सोडून गेलेल्याला कोण शोधत बसणार? महिन्याला दिला तर निदान हातात पडतो.

चाकणचा_स्टोअरकीपर

@एचआर_हिंजवडी, ताई, सोडून गेलेल्यालाही ३० दिवस भरले असतील तर बोनस लागू आहे. त्याला शोधायचं काम मालकाचं, बँक खातं त्याच्याकडे आहेच. आणि महिन्याला द्यायला माझी हरकत नाही, चुकीच्या आकड्यावर द्यायला आहे. ५८३ ला तुम्ही काय म्हणाल?

एचआर_हिंजवडी

५८३ चूक आहे. किमान वेतनावरच व्हायला हवा. हे मी माझ्या व्हेंडरनाही लेखी कळवलं आहे.

वसईची_लेक

मी वसईची, कॅथलिक. आमचा मोठा सण नाताळ. बोनस दिवाळीला मिळतो याचं मला वाईट वाटत नाही, त्यामागे हिशोब आहे. मार्चमध्ये वर्ष संपलं की आठ महिन्यांत बोनस द्यायचा, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी त्या मुदतीत बसते, नाताळ बसत नाही. बंगालमध्ये पूजेला देतात, केरळमध्ये ओणमला. मी तो पैसा बाजूला ठेवते आणि डिसेंबरमध्ये वापरते.

खटकतं ते भेटींचं. दिवाळीला प्रत्येकाच्या टेबलावर डबा आणि पाकीट असतं. नाताळला रिसेप्शनमध्ये झाड उभं करून सगळ्यांचा फोटो काढतात, आणि २४ तारखेला आम्हाला चार वाजता सोडा म्हटलं तर हाफ डे लागतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला सण अग्रिम, म्हणजे सणासाठीची उचल, नाताळलाही घेता येतो. खासगी कंपन्यांना एवढं का जमू नये? एचआर ताई म्हणतात ती आपुलकी सगळ्यांच्या सणाला दिसली तरच मी तिला आपुलकी म्हणेन.

श्टुटगार्टवरून

इथला अनुभव या वादाला उपयोगी पडेल. जर्मनीत नाताळचा बोनस, ‘वाइनाख्ट्सगेल्ड’, बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पगाराबरोबर येतो. तो द्यायलाच हवा असा सर्वांसाठी कायदा नाही, युनियनच्या करारातून येतो. पण मालकाने सलग तीन वर्षं कोणतीही अट न घालता दिला, तर चौथ्या वर्षी तो कामगाराचा हक्क ठरतो. कोर्टांनीच हे तत्त्व घालून दिलं आहे. म्हणून इथले मालक देतानाच लिहून देतात, की यंदा दिला म्हणून पुढे बंधन नाही.

भोसरीकरांना हाच मार्ग सुचवेन. १२ टक्के द्या, पण ‘८.३३ कायद्याचा, बाकी यंदाच्या नफ्याचा’ असं पत्रात वेगळं लिहा. माणसं समजून घेतात. फिलिपिन्समध्ये तर १९७५ पासून तेरावा पगार २४ डिसेंबरच्या आत देणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथेही छोटे कारखाने आहेतच.

भोसरीकर_जॉबवर्क

पत्राची सूचना चांगली आहे, यंदा करून बघतो. पण मूळ प्रश्न तसाच आहे. माझे पैसे वेळेत आले तर मला सवलत नको. मोठ्या कंपनीने दसऱ्याच्या आत लघुउद्योजकांची थकबाकी चुकती करावी, असं बंधन घाला आणि मग माझ्याकडे बोनस मागा.

अंगणवाडी_सातारा

मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना २०२५ च्या दिवाळीत ३१,००० सानुग्रह अनुदान जाहीर झालं, आदल्या वर्षी २९,०००. रेल्वेत ७८ दिवसांचा बोनस, जास्तीत जास्त १७,९५१. आम्हाला राज्य सरकारची भाऊबीज भेट २,०००. पोषण आहार, लसीकरणाची यादी, निवडणुकीची कामं, सगळी करतो. पण आम्ही मानधनावर, म्हणून सरकार आम्हाला कामगारच धरत नाही. इथे ज्यांना हक्काचा शब्द जड वाटतो, त्यांनी दोन हजारांत चार माणसांच्या घरात दिवाळी करून दाखवावी.

कोथरूडची_सुषमा

घरकामाच्या मावशींचं कुणी बोललं नाही. आमच्या सोसायटीत एक महिन्याचा पगार दिवाळीला द्यायची पद्धत आहे, वॉचमन आणि कचरा नेणाऱ्यांना पोस्त. कायद्याची गरज पडली नाही. सगळीकडे कायदा आणला तर माणसामाणसातला ओलावा जाईल असं मला मनापासून वाटतं.

गिरणगाव_लालबाग

सुषमाताई, तुम्ही देता हे चांगलंच आहे. पण तीन घरी काम करणाऱ्या मावशींना एका घरातून पूर्ण पगार, दुसऱ्यातून जुनी साडी आणि तिसऱ्यातून ‘मार्चमध्येच तर लागलात’ हे उत्तर मिळतं. मागायची चोरी, कारण काम जाईल. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण बोनसचं बंधन कुणावर नाही. ओलावा असू द्या, त्याखाली एक किमान रक्कमही असू द्या.

तळेगाव_मेंटेनन्स

ऑक्टोबर २०२५ मध्ये आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावर फतेहाबाद टोलनाक्याच्या कर्मचाऱ्यांनी १,१०० रुपयेच बोनस मिळाला म्हणून गेट उघडून गाड्या फुकट सोडल्या. त्यांचा राग कळतो, पण तसं करून उद्या त्यांनाच काढतील. जुन्या कायद्यात दंगामस्तीसाठी बडतर्फ झालेल्याचा बोनसच जात होता, नव्या संहितेतही ते कलम आहे. मार्ग अर्जाचाच.

मला स्वतःला विचारायचं आहे. मी फेब्रुवारीत एका कंत्राटदाराकडचं काम सोडलं, आठ महिने भरले होते. बोनस दिला नाही. आता काही होईल का?

चाकणचा_स्टोअरकीपर

होईल, भावा. आधी कंत्राटदाराला लेखी मागणी पाठव, रजिस्टर पोस्टाने, आणि प्रत मूळ कंपनीच्या एचआरला. कंत्राटदाराने चुकवलं तर संहितेनुसार ज्या कंपनीत तू राबलास तिच्यावर जबाबदारी येते, म्हणून ती प्रत महत्त्वाची. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तालयात अर्ज. जुन्या कायद्यात अर्जाला एक वर्षाची मुदत होती, संहितेत तीन वर्षं आहेत. तरी थांबू नकोस, कारण कंत्राटदार फर्मचं नाव बदलतात. पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचा नंबर आणि गेटपासचा फोटो एकत्र कर. स्लिपवर ‘स्टॅ. बोनस’ लिहिलं असेल तर तो आकडा मला इथेच सांग, तुझ्या उद्योगाच्या किमान वेतनावर फरक काढून देतो.