शब्दचर्चा: किलर व्हेलला मराठीत काय म्हणायचं?

लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी अंटार्क्टिकातल्या किलर व्हेलवर मराठीत लिहायचंय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. एका ठिकाणी 'खुनी देवमासा' वाचलं, कसंतरीच वाटलं. तुम्ही काय लिहाल?

– खुनी नकोच. वाघाने सांबर मारलं तर आपण शिकारच म्हणतो ना, मग हिलाच का खुनी? मोकळ्या समुद्रात तिने माणूस मारल्याची एकही खात्रीची नोंद नाहीये. देवमासाही नको, ती डॉल्फिनच्या कुळातली, त्यातली सगळ्यात मोठी. मी सरळ ऑर्का लिहितो.

– पण नुसतं ऑर्का लिहूनही भागत नाही हो. अंटार्क्टिकात ए, बी, सी असे वेगवेगळे टाइप आहेत, कोणी मिंके व्हेल (एक लहान जातीचा देवमासा) मारतात, कोणी सील, तर रॉस समुद्रातले टाइप सीचे ऑर्का मासे खातात. सीलवाल्यांची पद्धत बघा, चारपाच जणी खांद्याला खांदा लावून बर्फाच्या लादीकडे जोरात पोहत येतात, ऐनवेळी खाली बुडी मारतात आणि मागून उठलेली लाट सीलला लादीवरून धुऊन पाण्यात पाडते. ह्या 'वेव्ह वॉशिंग'ला मी 'लाटेचा मारा' म्हणते, बरं सुचत असेल तर सांगा. अभ्यासक पाठीवरच्या पराच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग, ज्याला ते सॅडल पॅच म्हणतात, त्याचे फोटो काढून एकेक ऑर्का ओळखतात. सॅडलला आपलं 'खोगीर' अगदी फिट बसतं!

– टाइपचा मुद्दा खरंच महत्त्वाचा. सगळे एकाच नावाखाली मोजले तर टाइप सी कमी झाले तरी कळणारच नाही, आणि ते जे टूथफिश नावाचे मोठे मासे खातात त्यांची रॉस समुद्रात मासेमारीही चालते. तिथलं संरक्षित क्षेत्र २०१६ ला ठरलं, २०१७ च्या डिसेंबरात लागू झालं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, कोणती जात किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या लाल यादीत ऑर्कापुढे अजून 'अपुरी माहिती' आहे, कारण ही एक जात की अनेक हेच नक्की नाही. म्हणून मी संवर्धनाआधी 'नोंद' हा शब्द घालेन.

– आमच्या कोकणात डॉल्फिनला गादा म्हणतात. 'शिकारी गादा' कसं वाटतं?

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला शिकारी गादा फारच आवडलंय, मथळ्यात ऑर्का आणि पहिल्या ओळीत 'म्हणजे शिकारी गादा' असं लिहितेय, चित्रात खोगीर करड्या रंगाने रंगवून झालंय.